गावाकडच्या जुन्या कॅसेटी: शोधाव्या कशा, वाजवाव्या कशा, जपाव्या कशा

१९८० ते २००५ च्या दरम्यान ज्यांचं बालपण विदर्भातल्या खेड्यात गेलं, त्यांच्या घरच्यांचा आवाज भरलेली एखादी कॅसेट कुठेतरी पडलेली असण्याची शक्यता बरीच आहे, मग घरी टेप (टेपरेकॉर्डर) असो वा नसो. टेप मास्तरांकडे असायचा, एसटीत नोकरीला असलेल्या मामांकडे असायचा, नाहीतर दिवाळीला नागपूरहून येणारे मोठे बाबा सोबत आणायचे. मग आजीला समोर बसवून भुलाबाईची गाणी भरायची, गड्याकडून झडत्या, म्हणजे पोळ्याला म्हणायच्या ओळी, म्हणवून घ्यायच्या, खंजिरीवरचं भजन भरायचं आणि उरलेल्या टेपेवर लेकरांचे पाढे. हे सगळं परत ऐकायचं आणि टिकवायचं असेल तर काय करावं, ते इथे क्रमाने सांगितलं आहे. यंत्रातलं काही कळत नसलं तरी अडणार नाही.

पुढचा सगळा क्रम एका गोष्टीवर बसवला आहे, ती आधी सांगतो. बऱ्या जागी ठेवलेली कॅसेट तीस-चाळीस वर्षांनीही वाजते. पण तिच्यात मागून "अवं, दूध उतू चाललं" असं ओरडणारी बाई कोण, हे सांगणारी आत्या आज पंच्याऐंशीची आहे. म्हणून कोणती कॅसेट आधी हातात घ्यायची, हे ठरवताना ती ओळखणारं कोण हयात आहे ते पाहा. टेपेची अवस्था त्यानंतर.

शोध

आपल्या घरातल्या जागा ठरलेल्याच: देवघराशेजारचं फडताळ, टिनाची पेटी, माळा, टीव्हीच्या शोकेसचा खालचा कप्पा. पण खरा शोध दुसऱ्याच्या घरात घ्यावा लागतो, कारण कॅसेट बहुतेक वेळा टेपवाल्याकडेच राहून जाते. तिथे जाऊन "जुन्या कॅसेटी आहेत का?" असं विचारलं तर "त्या तं कवाच्या फेकल्या" एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी "काका, तुमच्याकडे तेव्हा टेप कोणता होता?" असं विचारा. टेपविषयी बोलायला माणसाला आवडतं. कुठून घेतला, कितीला पडला, कोण कोण ऐकायला यायचं, हे निघालं की कॅसेटींचा डबाही निघतो.

लेबलावर विश्वास ठेवू नका. कोरी कॅसेट विकत घ्यायला पैसे लागत, त्यामुळे ऐकून कंटाळा आलेल्या सिनेमाच्या नाहीतर आरत्यांच्या कॅसेटीवरच घरचं भरलं जाई. हे ओळखायची खूण आहे. कॅसेटीच्या वरच्या काठाला दोन टोकांना दोन छोट्या चौकोनी खाचा असतात. विकतच्या गाण्यांच्या कॅसेटीत तिथली प्लॅस्टिकची टिकली आधीच काढलेली असते, म्हणजे चुकून वर काही भरलं जाऊ नये. त्या खाचेत कोणी कागदाचा बोळा कोंबला असेल किंवा वरून चिकटपट्टी लावली असेल, तर त्या कॅसेटीवर नंतर काहीतरी भरलंय हे जवळपास नक्की. सिनेमाची कॅसेट म्हणून बाजूला टाकण्याआधी प्रत्येकीचा काठ बघा.

खूण सापडली की तो बोळा, ती पट्टी लगेच काढून टाका. कोरी म्हणून विकत घेतलेल्या कॅसेटीची टिकली शाबूत असेल तर ती तोडा. बाजू १ आपल्याकडे आणि टेप दिसते ती कड खाली धरली, तर वरची डावी खाच बाजू १ ची असते. दुसरी खाच दुसऱ्या बाजूची. आता चुकून लाल बटण दाबलं गेलं तरी आजीचा आवाज पुसला जाणार नाही. व्हिडिओ कॅसेटीला अशी एकच टिकली असते, लेबल लावतात त्या पातळ कडेवर.

मग प्रत्येक कॅसेटीला नंबर द्या आणि डबी, लेबल, आतला कागद यांचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. अक्षर कोणाचं आहे, शाई कोणती, पत्ता काय लिहिलाय, या सगळ्याचा पुढे उपयोग होतो. तो कसा, ते खाली येईल.

कधी करायचं

पावसाळ्यात नको. हवेतल्या ओलीने बुरशी जागी होते, लाईनही जात-येत असते. मे महिन्यातही नको. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि टिनाखालच्या माळ्यावर त्याहून जास्त. तापलेली टेप लगेच यंत्रात घालू नये. संक्रांतीच्या आसपासचे दिवस सगळ्यात बरे. हवा कोरडी असते, कापसाची घाई ओसरत आलेली असते आणि म्हातारी माणसं दुपारी उन्हात निवांत बसलेली सापडतात.

माळ्यावरून काढलेल्या कॅसेटी आधी राहत्या खोलीत एक-दोन दिवस सावलीत राहू द्या. उन्हात वाळवणं टाळा, आणि टेपच्या स्पीकरवर ठेवणंही, कारण स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं.

वाजवण्याआधीची तपासणी

उजेडात धरून खिडकीतून गुंडाळीची कड पाहा. ती गडद तपकिरी आणि सपाट दिसायला हवी. पांढरी भुकटी, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी. अशी कॅसेट अजिबात वाजवू नका. बुरशी यंत्राला लागते आणि यंत्रातून पुढच्या चांगल्या कॅसेटींना. ती वेगळ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद करून ठेवा आणि साफ करण्याचं काम शेवटी, जाणकाराकडून करून घ्या. तोंडाला कापड न बांधता ती झटकायचीही नाही.

टेपेच्या तोंडाशी पितळी पट्टीवर फोमचा नाहीतर नमद्याचा एक छोटा तुकडा असतो. तो टेपेला हेडवर, म्हणजे यंत्रातल्या आवाज उचलणाऱ्या भागावर, दाबून धरतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यांनी त्याचा डिंक सुटतो आणि तुकडा पडतो. मग आवाज एकदम बारीक आणि दबका येतो. कॅसेट बिघडली असं समजून लोक इथेच नाद सोडतात. खरं तर दुसऱ्या एखाद्या निरुपयोगी कॅसेटीतून तो तुकडा काढून बसवता येतो. पाच स्क्रूची कॅसेट असेल तर उघडून बसवा. चिकटवलेली असेल तर कवच जपून फोडून दोन्ही गुंडाळ्या स्क्रूवाल्या कवचात हलवाव्या लागतात. आधी सिनेमाच्या कॅसेटीवर हात बसवून घ्या.

टेप तुटली असेल तर घरातली साधी चिकटपट्टी लावू नका. तिचा डिंक वितळून शेजारच्या वेटोळ्यांना चिकटतो. टेप जोडायची खास पट्टी मिळते, ती टेपेच्या कोणत्या बाजूला लावायची हा घोळ होऊ नये म्हणून एवढं लक्षात ठेवा: हेडला घासते ती बाजू मोकळी राहिली पाहिजे.

कॅसेटीवर सी-६० लिहिलं असेल तर एका बाजूला तीस मिनिटं, सी-९० असेल तर पंचेचाळीस. सी-१२० ची टेप फारच पातळ असते. ती पुढे-मागे पळवू नका, नुसती वाजवा. बाकीच्या मात्र वाजवण्याआधी एकदा शेवटापर्यंत नेऊन परत आणा, म्हणजे वर्षानुवर्षं आवळून बसलेली वेटोळी मोकळी होतात.

टेप कोणता घ्यावा

ऑनलाइन मिळणारे हलके, थेट यूएसबी निघणारे छोटे वॉकमन मला पसंत नाहीत. त्यातल्या बऱ्याच यंत्रांची मोटर एकसारखी फिरत नाही, आवाज लाटांवर हलतो. त्यापेक्षा नातेवाइकाच्या घरी पडलेला चांगल्या कंपनीचा जुना डेक (मोठा टेप) नाहीतर टू-इन-वन (रेडिओ आणि टेप एकत्र) दुरुस्त करून घ्या. आत बहुधा रबरी बेल्टच गेलेला असतो. सैल पडलेला किंवा डांबरासारखा वितळलेला. तो बदलणं मोठं काम नाही. तालुक्याच्या गावी रेडिओ दुरुस्त करणारे एखादे काका अजून असतात. नसतील तर नागपूरला सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा.

काकांकडे गेलात की दोन गोष्टी शिकून घ्या. एक, हेड साफ करणं. कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवून हेड आणि त्याशेजारची पोलादी दांडी पुसायची. रबरी चाक ओल्या फडक्याने. प्रत्येक दोन-तीन कॅसेटींनंतर हे करा. दुसरी, हेडशेजारचा छोटा स्क्रू. कॅसेट ज्या टेपवर भरली त्याचं हेड थोडं तिरकं असेल तर आपल्या टेपवर आवाज कांबळ्याआडून आल्यासारखा येतो. स्क्रू किंचित फिरवला की "स" आणि "च" स्पष्ट होतात. मूळ जागेची खूण आधी पेनाने करून ठेवा. या एका स्क्रूने जेवढा फरक पडतो तेवढा नंतर संगणकावर कशानेच पडत नाही.

उतरवून घेणं

टेपच्या समोर मोबाइल ठेवून भरणं म्हणजे काहीच नसण्यापेक्षा बरं, एवढंच. तारेने जोडा: टेपच्या लाइन-आउट किंवा हेडफोनच्या भोकातून संगणकाकडे. बहुतेक लॅपटॉपना आता स्वतंत्र लाइन-इन (बाहेरचा आवाज आत घेणारं भोक) नसतं, म्हणून लाइन-इन असलेलं यूएसबी साउंडकार्ड घ्या. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि या कामाला पुरून उरतं. त्यात ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा आणि फाइल वेव्ह प्रकारात साठवा. दोन्ही चॅनल मिळून तासाला साधारण एक जीबी लागते. एमपी-थ्री नंतर वाटण्यासाठी करा. मूळ प्रत वेव्हच असू द्या.

आवाजाची पातळी अशी ठेवा की सगळ्यात मोठ्या आवाजालाही पट्टी उणे सहा डेसिबलच्या आसपासच थांबेल. वरच्या टोकाला आदळलेला आवाज फाटतो आणि तो फाटलेला पुन्हा शिवता येत नाही. लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवा, बरीचशी घुरघुर तिथेच जाते. मध्येच लाईन गेली तरी निदान तोवरचं साठवता येतं.

साठ मिनिटांच्या कॅसेटीला साठ मिनिटंच लागतात. आणि दोन्ही बाजू शेवटपर्यंत चालू द्या. दहा मिनिटं नुसती खरखर येऊन नंतर अचानक कोणाचं तरी बोलणं सुरू होतं, कारण कोणीतरी पुढे पळवून मग भरलेलं असतं.

आपल्या भागातल्या कॅसेटींचा एक खास दोष म्हणजे घरचे सगळे चिमण्यांसारखे भराभर, बारीक आवाजात बोलतात. लाईन नसायची, टेप सेलवर चालायचा. सेल उतरले की भरताना मोटर हळू फिरे, म्हणून आज बरोबर वेगाने वाजवल्यावर आवाज पळतो. ऑडॅसिटीत "चेंज स्पीड" (नव्या आवृत्तीत "चेंज स्पीड अँड पिच") नावाची सोय आहे, तिने वेग कमी करा. "चेंज टेम्पो" वापरू नका, त्याने आवाजाची पट्टी तशीच राहते. किती कमी करायचा हे घरातल्या मोठ्या माणसाला विचारा. "आता बाबा बोलल्यासारखे वाटतात" असं ते म्हणाले की थांबा. सेल हळूहळू उतरत असल्याने बाजूच्या सुरुवातीला आणि शेवटाला आकडा वेगळा निघू शकतो. लाईनवर भरलेलं असेल आणि मागे घुरघुर असेल तर आणखी सोपं: आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, तेव्हा ती घुरघुर ५० वर येईल असा वेग ठेवा. ही दुरुस्ती नेहमी दुसऱ्या प्रतीवर.

खरखर काढायची का?

माझं मत: नाही, निदान मूळ प्रतीतली तरी नाही. त्या काळच्या घरगुती टेपमध्ये आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणारी सोय असायची. आजी गात असली की ती पातळी खाली, आजी श्वास घ्यायला थांबली की वर. म्हणूनच ओळींच्या मधल्या जागेत मागचं सगळं उचललं जातं: जात्याची घरघर, बैलाच्या गळ्यातल्या घाट्या, रहाट, शेजारच्या रेडिओवरच्या बातम्या, कोणीतरी पोट्ट्याला दिलेली शिवी. भुलाबाईचं गाणं दुसऱ्या गावातही मिळेल, पण हे फक्त तुमच्या कॅसेटीत आहे. खरखर काढणारं सॉफ्टवेअर नेमकं हेच आधी पुसतं.

माणसांसोबत ऐकणं

फाइल तयार झाली की काम संपलं असं वाटतं. अर्धं अजून बाकी असतं.

एक बऱ्यापैकी स्पीकर घ्या. मोबाइलच्या स्पीकरवर उतारवयातल्या कानांना शब्द लागत नाहीत. दुपारच्या वेळी एक किंवा दोनच माणसांना बसवा; दहा जण बसले की सगळ्यात मोठ्याने बोलणारा ठरवेल तेच खरं होतं. आपला मोबाइल शेजारी उलटा ठेवून त्यांचं बोलणंही भरा. तसं आधी सांगून. मग दोन-तीन मिनिटं वाजवा, थांबवा, गप्प बसा. "हा कोण, ही कोण" अशी सरबत्ती केली की माणूस परीक्षेला बसल्यासारखा आक्रसतो. थोडं थांबलं की आपसूक येतं: "हे तं मोठ्या मायचा आवाज होय. इतकी ठसठशीत होती मंग ते." वहीत वेळ टाकून तसंच लिहा: बाजू १, १२:४०, मोठी माय. खात्री नसेल तर प्रश्नचिन्ह.

साल काढण्याचे काही मार्ग आहेत. माणसं आकड्यात सांगत नाहीत, घटनेवरून सांगतात: विहीर खोदली त्या साली, घरात लाईन आली त्याच्या आधी, मोवाडचा पूर आला त्याच्या पुढच्या पोळ्याला. नागपूर जिल्ह्यातल्या मोवाडचा पूर ३० जुलै १९९१ चा, म्हणजे पोळा १९९१ चाच. लेबलावरचा जिल्हाही बोलतो. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला झाला, वाशीम १ जुलै १९९८ ला, गोंदिया १ मे १९९९ ला. तेव्हा आमगावच्या पत्त्यापुढे "जि. भंडारा" असेल तर कॅसेट बहुधा त्याआधीची. बहुधा म्हणतो, कारण सवयीने जुना जिल्हा लिहिणारे अजूनही आहेत. मागे रेडिओच्या बातम्या लागल्या असतील तर त्या कान देऊन ऐका. कधी कधी तारीखच हाती लागते.

घरच्या ग्रुपवर टाकण्याआधी पूर्ण ऐका. टेप चालू आहे हे विसरून लोक बोलत असतात. वाटणीचं भांडण, सुनेबद्दलचे टोमणे, कोणाच्या तरी लग्नाआधीची भानगड, सगळं त्यात असतं. जात्यावरच्या ओव्यांमधूनही बाया सासरचं बरंच काही बोलून जातात. गाणारी हयात असेल तर आधी तिला एकटीला ऐकवा आणि तिनं "हे राहू दे" म्हटलं तर तेवढं राहू द्या. नुकतं कोणी गेलं असेल अशा घरी तर न विचारता आवाज पाठवूच नका.

ओव्या, झडत्या, डहाके, महादेवाची गाणी बऱ्यापैकी भरलेली निघाली, तर त्यांची किंमत घरापुरती नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां या संशोधकांनी महाराष्ट्रभरातल्या बायांच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. लोकसंगीताच्या ध्वनिमुद्रणांचं, १९८२ मध्ये सुरू झालेलं एक अभिलेखागार आता गुरुग्रामला आहे. घरच्यांची परवानगी असेल तर प्रत अशा ठिकाणी देण्याचा विचार करा.

व्हिडिओ आणि जुने मोबाइल

लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटींना वरचे बुरशीचे, टिकलीचे, उन्हाचे नियम तसेच लागू. व्हीसीआर मिळवणं मात्र कठीण होत चाललं आहे; जगात ते बनवणारी शेवटची कंपनी २०१६ मध्ये थांबली. तालुक्याच्या जुन्या फोटो स्टुडिओत विचारा. पिवळी पिन चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. मध्ये यूएसबी कॅप्चरचं यंत्र, आणि सॉफ्टवेअरमध्ये "पाल" ही आपल्याकडची व्हिडिओची पद्धत निवडलेली हवी. व्हीसीआरचं फिरतं गोल हेड कापसाच्या काडीने पुसू नका, धागा अडकून ते तुटतं. छोट्या मिनीडीव्ही कॅसेटी मुळातच डिजिटल असतात, त्या कॅमेऱ्यातून फायरवायर नावाच्या केबलने उतरवाव्यात. तासाला सुमारे १३ जीबी धरा.

२००५ नंतरचं बालपण असेल तर शोध कॅसेटीचा नसून बटणांच्या मोबाइलचा असतो. बॅटरी फुगली असेल तर चार्जिंगला लावू नका. मेमरी कार्ड काढून कार्ड रीडरमध्ये घाला. त्यातल्या एएमआर (आवाजाच्या) आणि थ्रीजीपी (व्हिडिओच्या) फाइली संगणकावर व्हीएलसी या सॉफ्टवेअरमध्ये वाजतात.

ठेवण आणि वाटप

तीन प्रती करा. एक संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक गावाबाहेर, पुण्याच्या भावाकडे किंवा क्लाउडवर. सीडी-डीव्हीडीवर भिस्त ठेवू नका. फाइलच्या नावात साल, गाव, काय आणि बाजू असू द्या: "१९९१_पोळा_झडत्या_बाजू१". व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हिडिओ दाबून बारीक होतो. स्मार्टफोन न वापरणाऱ्या आत्यासाठी पेनड्राइव्ह लागणारा छोटा स्पीकर घ्या आणि चालू करायच्या बटणावर रंगाचा ठिपका द्या.

मूळ कॅसेटी फेकू नका. शेवटपर्यंत गुंडाळून, डबीत, उभ्या ठेवा. माळ्यावर नको, घरातल्या सगळ्यात थंड भिंतीच्या कपाटात. पुढे कोणाकडे आणखी चांगला डेक निघाला तर पुन्हा उतरवता येईल.

काही आवाज कोणालाच ओळखू येणार नाहीत. त्यांचे तुकडे कापून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि उन्हाळ्यात सोयऱ्याच्या लग्नाला जाताना मोबाइलमध्ये घेऊन जा. हळदीच्या रात्री मांडवात चार गावच्या म्हाताऱ्या एकत्र बसलेल्या असतात. त्यांच्यात जाऊन बसा आणि लावा.